टेंपरेचर उतरलं का?

१

आमच्या आणि लाडबाई मावशींच्या घरांमध्ये भिंत एकच आहे. जाफराबादेतल्या आमच्या गल्लीत जुन्या लोकांनी घरं अशीच पाठीला पाठ लावून बांधलीत, तेवढ्याच विटा वाचतात. त्यामुळं तिकडं फोडणी पडली की इकडं शिंक येते. तिकडं काय चाललंय हे कळायला मला भिंतीला कान लावावा लागत नाही. लोक म्हणतात मी लावते. तोंडावर मला चौकस म्हणतात आणि माघारी भोचक. म्हणू द्या. पण गल्लीत कुणी आजारी पडलं तर पहिली पेज माझ्याच घरून जाते, हेही त्यांनी सांगावं.

दुपारचा माझा नेम ठरलेला. जेवणं झाली, भांडी घासली, की मधल्या खोलीत त्याच भिंतीला पाठ लावून बसायचं आणि लसूण सोलायचा. आमचे हे, म्हणजे भुजंगराव, एसटीत ड्रायव्हर होते. आता रिटायर झालेत आणि दुपारभर कूलरसमोर पालथे पडून घोरतात. मे महिन्यात जाफराबादेत दुसरं काही करताही येत नाही.

त्या दिवशी मी अशीच बसले होते. भिंतीपलीकडून अर्पितचा आवाज आला. अर्पित लाडबाई मावशींचा नातू. तो फोनवर बोलत होता.

"न्हाई यार, टेंपरेचर उतरूनच न्हाई राह्यलं. सकाळपासून चढेल आहे. सगळं करून पाह्यलं मी. असंच राह्यलं तर खेळ खलास."

माझ्या हातातली लसणाची कुडी तिथंच राहिली. त्या घरात माणसं दोनच. अर्पितचे आईवडील जालन्याला असतात, शिवनारायणशेठचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान आहे. इथं म्हातारी आणि नातू. नातवाचा आवाज तर खणखणीत होता. मंग ताप कुणाला?

मी जल्दीनं पेज टाकली, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांसाठी जुनं धोतर फाडलं, आणि निघाले.

२

लाडबाई मावशी ओसरीत बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. पंचाहत्तरी गाठलेली बाई, पण अडकित्ता असा दाबायच्या की कोय कटकन दोन तुकडे.

"मावशी! उठल्या कशाला तुम्ही? ताप आहे न तुम्हाला?"

"मला? ताप येवो तुझ्या सासूला."

"ती तर कधीच वर गेली."

"मंग तिथं येवो तिला. बस. कैऱ्या पूस."

तेवढ्यात अर्पित बाहेर आला. माझ्या हातातलं पातेलं, खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि हसत खालीच बसला. "काकू, ते कार्डाचं टेंपरेचर! कंप्युटरच्या कार्डाचं!"

आता हा अर्पित काय करतो ते सांगते. घर बांधायच्या आधीच तो कंप्युटरवर ते घर उभं करतो. नुसतं चित्र नाही, चालतं-फिरतं. तुम्ही दारातून आत शिरता, स्वयंपाकघर बघता, जिना चढता, गच्चीवर जाता. पिंपळगाव रेणुकाईच्या एका माणसानं त्याच्याकडून बंगल्याचा फोटो करून नेला तर बायकोला वाटलं बंगला झालासुद्धा. या सगळ्याला ग्राफिक्स कार्ड म्हणून एक वस्तू लागते. कंप्युटरच्या आत बसते, विटेएवढी, तिला स्वतःचे पंखे असतात. अर्पितचं जुनं कार्ड होळीच्या सुमाराला जळालं. नवीन मिळेना. पोरगं रोज मोबाईल घेऊन बसायचं. आज माल नाही. उद्या आहे, पण भाव चढलेला. परवा त्याच्याही वर.

"कुणीतरी माल दाबून ठेवला," मावशींनी तेव्हाच निकाल दिला होता. "तुरीला करतात तसं. भाव चढला की काढतील भाहेर."

"दादी, तसं न्हाई. मोठ्या मोठ्या कंपन्या सगळा माल उचलून राह्यल्या. एआयसाठी. आपल्यासारख्याला शिल्लकच ठेवत न्हाईत."

"मी दुसरं काय म्हणून राह्यले? मोठे व्यापारी."

शेवटी त्यानं मोबाईलवर बघून एक वापरलेलं कार्ड घेतलं. ते जालन्याहून शेअर जीपच्या ड्रायव्हरकडून पुठ्ठ्याच्या खोक्यात आलं. बाजारभावाच्या निम्म्यात.

"चोरीचं तर न्हाई न रे?" मी विचारलं.

"न्हाई हो काकू, बिल आहे. माणूसबी सज्जन वाटला फोनवर. भाव केला न्हाई, काही न्हाई. फक्त एवढंच विचारलं, घरात कोण कोण आहे."

"हे कशाला पाह्यजे त्याला?"

"काय माहीत. मी म्हणलं, मी आणि माझी दादी. तर म्हणला, मंग घेऊन जा."

३

आता आलेच होते, तर म्हटलं पेशंट बघूनच जावं.

अर्पितची खोली म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, आत भट्टीसारखी गरम हवा. कूलर होता, पण बंद. दमट हवेनं आतल्या पार्टांना गंज चढतो म्हणे. टेबलाशेजारी जमिनीवर कंप्युटरची पेटी होती. एका बाजूनं काच, आतून निळा उजेड, आणि पंखे असे किंचाळत होते की गिरणीच आठवावी. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा: अठ्ठ्याऐंशी.

"सत्तर-पंच्याहत्तरला चालतं," अर्पित सांगत होता. "नव्वदीपार गेलं की स्वतःच बंद पडतं. सगळं खोलून साफ केलं. पेस्ट नवीन लावली."

"पेस्ट?"

"असते एक. चिपला लावायची, उष्णता ओढून घेते."

"म्हणजे डोकं दुखल्यावर बाम," मावशी दारातून म्हणाल्या.

अर्पित हसला, पण त्याचे डोळे आकड्यावरच होते. जालन्याच्या एका बिल्डरच्या अख्ख्या कॉलनीची फिल्म त्याला करून द्यायची होती. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. आणि शिवनारायणशेठनी सांगून ठेवलं होतं, हे काम फसलं तर मुकाट्यानं दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं. पोराला दुकान म्हणजे जेल वाटायची.

मला काय वाटलं कोण जाणे. मी वाकले आणि त्या काचेवर तळहात ठेवला. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतो तसा. सवयच आहे माझी. तोंडातूनही सवयीनंच निघालं, "उतरेल हं. उतरेल."

मावशी पन्ह्याचे पेले घेऊन आत आल्या. पेटीशेजारी त्यांची सुतळीनं विणलेली बुटकी माची पडलेली असायची, तिच्यावर टेकल्या. आम्हाला पेले दिले. मी दोन घोट घेतले असतील नसतील.

पंख्यांचा आवाज खाली आला.

आधी मला वाटलं माझेच कान बसले. मंग अर्पितनं पेला खाली ठेवला. आकडा ऐंशीवर होता. मंग शहात्तर. मंग एकाहत्तर.

"अरे वा," मावशी म्हणाल्या आणि रिकामे पेले गोळा करायला उठल्या.

पंखे पुन्हा किंचाळायला लागले.

"दादी, बस. बस खाली." त्या बसल्या. आवाज उतरला. त्या उठल्या. आवाज चढला. आम्ही तिघंही इतके हसलो की भिंतीपलीकडून आमच्या ह्यांनी "काय झालं ग?" म्हणून हाक मारली.

दार उघडं राहिलं, खोलीतली गरम हवा बाहेर गेली. दुसरं काय असणार? घरी येताना मी स्वतःला हेच सांगितलं. पण त्या उठल्या-बसल्या तेव्हा दार तर तसंच होतं.

४

त्या दिवसापासून दुपारी भिंतीपलीकडं पंख्यांचा आवाज बंद झाला. त्या जागी मावशींचं गुणगुणणं यायला लागलं. जप करायच्या, तेही कंटाळा आला की नुसतं हूं हूं.

सकाळी पाण्याच्या टँकरपाशी भेटल्या की छाती काढून सांगायच्या. "मी बसले की चालतं त्याचं मशीन. काल दोन बंगले झाले. अर्पित म्हणून राह्यला, दादी, तूच माझं कूलिंग."

"काही त्रास न्हाई न होत?"

"त्रास कसला? उलट थंड वाटतं. तुम्ही इकडं घामानं निथळून राह्यल्या, आणि मी बघ कशी कोरडी."

खरंच कोरड्या होत्या. टँकरपाशी सगळ्यांच्या पाठी ओल्या, एकट्या त्यांच्या पोलक्यावर डाग नाही.

मंग एके दिवशी त्या शाल पांघरून आल्या. बाहेर बघवत नव्हतं असं ऊन होतं. कुणीतरी टोमणा मारला, "शेठाणीबाईच्या घरी एसी बसला वाटतं." मावशी हसल्या. मी कळशी उचलून द्यायला त्यांचा हात धरला.

माठाखाली आपण वाळू ठेवतो न, तिच्यात बोट घातलं की कसं लागतं? तसा हात होता तो.

लोणच्याच्या निम्म्या कैऱ्या ओसरीत तशाच पडून काळ्या पडल्या होत्या. लाडबाई मावशींनी लोणचं अर्धं टाकून उठावं, हे मला त्या हातापेक्षा जास्त लागलं.

५

मी थर्मामीटर घेऊन गेले. डिजिटल आहे आमचं, औषधाच्या दुकानातलं. मावशींच्या जिभेखाली ठेवलं. ते पीं पीं वाजलं. आकडा आलाच नाही. इंग्रजीत दोन अक्षरं आली: एल आणि ओ.

घरी आले. आमच्या ह्यांना उठवलं आणि दाखवलं. "एलओ म्हणजे लो. सेल उतरलाय त्याचा," ते म्हणाले आणि कूस बदलली. मी स्वतःच्या तोंडात घातलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सेल चांगला होता.

डॉक्टरकडंही नेलं. बीपी पाहिलं, छाती पाहिली, म्हणाले वयोमानानं रक्त फिरत नाही, लोकरीचे मोजे घाला. मावशी परत येऊन मोजे घालून माचीवर बसल्या.

मंग मी सरळ अर्पितच्या खोलीत गेले. पोरगं काही वाईट नाही हो. दादीसाठी उशी आणली होती, मोबाईलवर भजनं लावून दिली होती. मावशी काचेला पाठ टेकून डुलक्या घेत होत्या. खोलीत आवाज म्हणाल तर त्यांच्या श्वासाचा, बस. पंखे फिरतच नव्हते.

"किती आहे आता?" मी विचारलं.

"सदतीस." त्यानं हलक्या आवाजात सांगितलं. "काकू, खोलीतच चाळीसच्या वर आहे. आतून काम फुल चालू आहे. खोलीपेक्षा थंड कसं काय राहील कार्ड? सेन्सर बिघडला असंल त्याचा. पण काम तर बराबर होऊन राह्यलं."

पूर्वी आमच्याकडं पाऱ्याचं थर्मामीटर होतं. त्याच्या एका बाजूला सेल्सिअसचे आकडे होते आणि सदतिसाजवळ बारीक लाल खूण होती. सासूबाई सांगायच्या, पारा इथं असला की माणूस चांगलं आहे असं समजायचं.

"अर्पित, दादीला उठव बरं इथून."

"चार-पाच दिवसाचं काम राह्यलं, काकू. दुसरं कार्ड आणू कुठून? भाव पाह्यला का तुम्ही?"

मी उत्तर देणार तेवढ्यात लाईट गेली. रोजचीच दुपारची. निळा उजेड विझला, पडदा काळा झाला. इन्व्हर्टरवर ते मशीन चालत नाही. अर्पित चरफडत खिडकीचा कागद वर करायला गेला, आणि उन्हाची एक पट्टी त्या काचेवर पडली.

काच आतून धुरकट होती. थंडीत आरशावर फुंकर मारतो तशी. बघता बघता तो धूर ओसरला, काच साफ झाली. मंग परत आला. परत ओसरला. मशीन बंद होतं. मी मावशींकडं पाहिलं. त्यांची छाती वर होत होती, खाली होत होती. श्वास सोडला की काच धुरकटायची.

लाईट आली. निळा उजेड आला आणि काचेवर काही नव्हतं.

"काय झालं काकू?" अर्पितनं विचारलं.

"काही न्हाई रे," मी म्हणाले. काय सांगणार होते?

६

मी ओट्यावर येऊन शिवनारायणशेठला फोन लावला. काचेचं वगैरे बोलले नाही. एवढंच म्हणाले, "आई दिवसेंदिवस गळून राह्यली. येऊन घेऊन जा. मोठ्या दवाखान्यात दाखवा." दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन हजर.

मावशी माझ्यावर अशा उखडल्या की काय सांगू. "तू मला काढून राह्यली घरातून! माझ्या घरातून!"

"मावशी, हात बघा तुमचे. नखं निळी पडली."

"पडू दे. या वयात माणूस कुणाच्या कामाला येतं का, मीना? सगळे म्हणतात, दादी बसा, दादी आराम करा. हा एकटा म्हणला, दादी, तुझ्याशिवाय चालत न्हाई माझं." त्यांचे डोळे भरून आले. "तुला न्हाई कळणार."

मला कळत होतं. 

शेठ पिशव्या गाडीत ठेवत होते. अर्पित दारात मान खाली घालून उभा. मावशी माझं मनगट धरून मला आतल्या बाजूला घेऊन गेल्या. त्यांची बोटं माझ्या कातडीला चिकटल्यासारखी वाटली, इतकी गार.

"मी जाते. पण पोराचं काम अर्धं राह्यलं तर हा बाप त्याला गादीवर बसवंल. तू बसशील न?"

"कुठं?"

"त्याच्याजवळ. काम पुरं होईस्तोवर. तू मला शब्द दे, मंग मी गाडीत बसते. न्हाई तर बिलकुल न्हाई."

बाहेर हॉर्न वाजला. त्यांचे ओठ पांढरे पडलेले. मला एवढंच दिसत होतं की ही बाई या घरातून निघाली पाहिजे, आज, आत्ता.

"बसते, मावशी," मी म्हणाले.

माझं मनगट सोडून त्या गाडीत जाऊन बसल्या.

७

शब्द दिला होता. दुसऱ्या दिवसापासून लसणाची टोपली घेऊन मी माचीवर बसायला लागले.

पहिल्यांदा पाठ काचेला लावली नाही. एक वीत अंतर ठेवलं. पंखे ओरडत राहिले, आकडा नव्वदीला टेकला. अर्पित माझ्याकडं बघेना, पण त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मी जरा मागं सरकले. अजून जरा. काच पाठीला टेकली तेव्हा आवाज उतरला, आणि खरं सांगते, काय बरं वाटलं! उन्हातून आल्यावर ओल्या फरशीवर पाय ठेवावा तसं. मला झोपच लागली. जाग आली तेव्हा टोपलीतला लसूण तसाच होता आणि अर्पित चहा घेऊन उभा होता.

"काकू, तुम्ही तर दादीपेक्षा भारी. एकदम सदतिसावर!"

त्याच संध्याकाळी जालन्याहून मावशींचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा कडक. "मीना! मला घाम आला! आज सकाळी पाठ ओली झाली. सूनबाईला म्हणलं, हात लाव, हात लाव, बघ." मी हसत होते आणि रडतही होते. "तू बसून राह्यली न?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "हो."

मी मनाला समजावलं. म्हातारीचं रक्त फिरत नव्हतं, तिकडं चांगला दवाखाना मिळाला, फिरायला लागलं. काच म्हणाल तर उन्हाची तिरीप होती. आणि चार दिवस शेजाऱ्याच्या पोराच्या खोलीत बसल्यानं कुणाचं काय जातंय?

काम पुरं झालं. अर्पितनं मला फिल्म दाखवली. कॉलनीतल्या एका घरातून दुसऱ्या घरात आम्ही फिरलो. सगळं चकाचक, माणूस एकही नाही. बिल्डरला पसंत पडली. शेठनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. अर्पितला तेवढंच पाहिजे होतं. तो माझ्या पाया पडला.

मी माची उचलून भिंतीला लावून ठेवली, तिथल्या तिथं पटकन हात झटकले, आणि घरी आले.

८

पण चैन पडेना.

दुपारी भिंतीला पाठ लावून बसले की पलीकडं सामसूम. मशीन चालू असायचं, हे मला ठाऊक होतं, पोराला आता दुसरं काम मिळालेलं. मंग पंखे का ओरडत नाहीत? मी उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे, कान द्यायचे. सामसूम. शेवटी मी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना अर्पित दिसला तेव्हा विचारलंच, "टेंपरेचर उतरलं का रे?"

"अहो काकू, आता कुणाला बसायचीबी गरज न्हाई! आपलंआपलं सदतिसावर राहतं. रुळलं बघा ते."

मला वाटलं, भिंत. मी भिंतीला टेकून बसते, आणि पलीकडं ते. मंग मी बसायची जागा बदलली. पार पुढच्या खोलीत, दारापाशी. तिथं ऊन येतं. मला ते ऊन बरं वाटलं. हे म्हणाले, "अगं, जळशील तिथं." मी म्हटलं, "न्हाई हो, बरं वाटतंय."

परवा लाईट गेलेली, कूलर बंद, हे तळमळत होते. मी पंख्यानं वारा घालायला जवळ बसले. त्यांनी माझा हात धरला, कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. "आहा," म्हणाले. "तुझा हात काय गार आहे ग. राहू दे असाच."

मी राहू दिला. दुसऱ्या हातानं फळीवरचं थर्मामीटर काढलं आणि जिभेखाली धरलं. पीं पीं वाजलं. मला बघायचं नव्हतं. पण बघितल्याशिवाय राहिले तर ती मी कसली?

एल आणि ओ.

सेल उतरला असेल. मी सेल बदलले. दुकानातून नवीन आणले, आधी ह्यांना लावून पाहिलं. त्यांना आकडा आला.

९

आज दुपारी भिंतीपलीकडून अर्पितचा आवाज आला. फोनवर होता, खुशीत.

"हो, हो, एकदम चांगल्या कंडिशनमधी. मला नवीन मिळून राह्यलं, माल आला बाजारात, म्हणून काढतोय. तीर्थपुरीला न तुम्ही? उद्या जीपनं पाठवून देतो… टेंपरेचर? अहो, असं थंड कार्ड तुम्ही पाह्यलं नसंल." मंग जरा थांबून, अगदी सहज, "तुमच्या घरात कोण कोण आहे?"

मी अनवाणीच गेले. फरशी तापलेली असणार. पायाला काही लागलं नाही.

"हे तू का विचारलंस रे त्याला?"

"काय, काकू?"

"घरात कोण कोण आहे."

तो गोंधळला. "सहजच. त्या माणसानं मला विचारलं होतं न, तेच तोंडात बसलं असंल. बरं झालं आल्या तुम्ही. जाईल आता उद्या. तुम्हाला आधीपासून आवडत नव्हतंच ते."

फोन परत वाजला म्हणून तो ओसरीत गेला. मी त्या खोलीत एकटी राहिले. मशीन बंद केलेलं होतं, वायर काढून गुंडाळून ठेवलेली. पुठ्ठ्याचं तेच खोकं शेजारी उघडं पडलं होतं. मी खिडकीचा कागद वर केला आणि काचेसमोर वाकले.

आत धूर आला. गेला. आला. गेला.

लाडबाई मावशी जालन्याला. खोलीत दुसरं कुणी नाही. मी श्वास रोखला.

काच साफ झाली. आतलं ते काळं कार्ड स्पष्ट दिसायला लागलं, त्याचे थांबलेले पंखे, त्यांच्या मागची जाळी. जाळीच्या मागं अंधार होता, आणि तो अंधार माझ्याइतकाच थांबून होता. छातीत दुखायला लागलं. कानात ठोके पडायला लागले. मी किती वेळ तशी राहिले कोण जाणे. शेवटी श्वास सुटलाच.

आणि काच माझ्या तोंडासमोर, आतल्या बाजूनं, पांढरी झाली.

"काकू?" अर्पित दारात उभा होता. "खोक्यात भरायला जरा हात लावता का?"

मी खोक्याकडं पाहिलं. हे उद्या जीपमध्ये बसेल. जाफराबादेहून जालना, जालन्याहून तीर्थपुरी. तिथल्या कुठल्यातरी घरात कोण कोण आहे ते मला ठाऊक नाही. पण आता माझा श्वास त्याच्यात आहे; ते गेलं की त्याच्याबरोबर माझं काय काय जाईल?

"विकू नको, अर्पित."

"आँ?"

"न्हाई म्हणले न. राहू दे ते. तिकडच्या लोकांना सांग, देत न्हाई म्हणून."

"अहो पण तुम्हीच तर म्हणत होत्या, दादीला उठव इथून…"

"म्हणले असंल. आता राहू दे म्हणतेय. मी येत जाईन बसायला. दुपारी मला तसंही काही काम नसतं. वायर लाव बाबा त्याची. जल्दी लाव."

तो वाकून वायर सोडवायला लागला.  भिंतीला टेकवून ठेवलेली मावशींची माची मी ओढून घेतली. इतक्या दिवसांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी तिच्यावर टेकले.

माची गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.